रंध्याचं मशीन आणि आत्तीचा पोळपाट

माझा उजवा कान गेला आहे. डॉक्टर म्हणतात, वयाने गेला. मी मान हलवतो, कारण तो खरा कशाने गेला हे सांगत बसलो तर बाहेर ताटकळलेले त्यांचे पेशंट कंटाळून घरी जातील. कोरेगावच्या पेठेत रामभाऊंच्या पिठाच्या गिरणीला भिंत लागून आमचं घर होतं. सकाळी जाग यायची ती गिरणीच्या तेलाच्या इंजिनाच्या पुकपुकीने. मग परड्यात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रंधा सुरू व्हायचा, लांब, सावकाश, मध्येच थांबून आबा फळीवरून तळवा फिरवायचे तेवढाच खंड. आत आईच्या भाकरीच्या थापा पडायच्या. या सगळ्याच्या वर आत्तीचा आवाज असायचा. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण, गोदा. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती माहेरी परतली, ती माझ्या जन्माच्याही आधीची गोष्ट. आमच्या घरात आबांचा शब्द चालायचा, फक्त तो शब्द कोणता हे बहुतेक वेळा आदल्या दिवशी आत्तीने ठरवलेलं असायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या भागातली पोरं पलटणीत गेली. मीही गेलो. गेलो म्हणजे पुण्याच्या पलीकडे गेलो नाही. सुताराचा मुलगा म्हटल्यावर साहेबाने मला लष्कराच्या वर्कशॉपात टाकलं. तिथे दारूगोळ्याच्या पेट्या व्हायच्या आणि त्यांच्या फळ्या रंध्याच्या मशीनवर साफ व्हायच्या. मशीन चालवायचा एक पंजाबी मिस्त्री. तो पुढून फळी घालायचा आणि मी मागे उभा राहून बाहेर येणारी फळी धरायचो. पुढच्या बाजूला काय होतं ते मला मिस्त्रीच्या पगडीशिवाय कधी नीट दिसलं नाही. लढाई संपून घरी आलो तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी मला घेरलं. कुंडलच्या कुणाचा तरी भाचा इटलीपर्यंत जाऊन आला होता. तू काय पाहिलंस, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, फळ्या पाहिल्या. त्यांचा इतका हिरमोड झाला की त्यानंतर बरेच दिवस मी पारावरून जाताना तोंड दुसरीकडे करायचो.

पण मी जे पाहिलं होतं ते लहानसहान नव्हतं. आबांना एक दार घासायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात त्या मशीनमधून गाडाभर फळ्या निघायच्या. आबांचं वय होत चाललं होतं. रंधा ओढून झाला की ते उजवा खांदा डाव्या हाताने धरून बसायचे, आणि कुणी पाहिलं तर खांद्यावर माशी बसल्यासारखं झटकायचे. मला ते बघवत नसे. म्हणून सांगलीच्या एका लाकडाच्या वखारीत सरकारने विकायला काढलेल्या लष्करी मालातलं एक नवं कोरं मशीन खोक्यातच पडून आहे असं कळलं, तेव्हा मी पहिली गाडी धरली. वखारवाले शेठ मोठे व्यवहारी. त्यांना मशीन लावून ते चालवणारा माणूस हवा होता. मी ते घरी नेतो म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, ने, पण तुझ्या वडिलांना पसंत पडलं नाही तर मशीनही परत आण आणि तूही ये, दोघांनाही इथे जागा आहे. शेठना आमच्या घरचा अंदाज कुठून आला कोण जाणे, पण अंदाज बरोबर होता.

मिरजेला गाडी बदलून खोकं कोरेगावला आलं. स्टेशनपासून बैलगाडीने घरापर्यंत आणलं, आणि गाडीमागे निम्मी पेठ आली. आबा परड्याच्या दारात उभे होते. त्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली, फळीवर टिचकी मारली आणि लाकूड बरं आहे एवढंच म्हणाले. ते खोक्याबद्दल बोलत होते. मशीनबद्दल ते बोलले रात्री जेवताना, आणि शांतपणे बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचं म्हणणं होतं की लोक त्यांच्याकडे येतात ते त्यांच्या हातासाठी येतात. दारात यंत्र बसलं की लोक म्हणणार, सुताराचे हात गेले. "दिवाळीच्या पाडव्यापतूर ऱ्हाऊ दे परड्यात," ते म्हणाले. "तवर काय उजेड पडला तर बगू. न्हाईतर पाडवा झाला की त्ये बी जाऊ दे सांगलीला, आन तू बी जा. तुझं नशीब तिथं आसंल तर म्या कशाला आडवू."

आईच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. लढाईची सगळी वर्षं तिने मी कधी येतो याची वाट पाहण्यात काढली होती, आणि मी आलो तो बरोबर परत जायचं कारण खोक्यात घालून घेऊन आलो. मलाही सांगलीला जायचं नव्हतं. सांगली चांगली होती, वखार चांगली होती, शेठ चांगले होते. पण मला आबांच्या शेजारी काम करायचं होतं, आणि ते त्यांना सांगायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. खोकं उघडलं तर आत मशीन नव्हतंच, काळं वंगण होतं. ते खरवडत गेलं की खाली लोखंड लागे. रॉकेल तेव्हा रेशनवर मिळायचं आणि आईने ते दिव्यासाठी जपून ठेवलेलं, त्यातलं निम्मं मी मशीन पुसण्यात घातलं. आम्ही दोन रात्री अंधारात जेवलो. भाजीत काय आहे ते चवीवरून ओळखायचं, आणि चवही रॉकेलची. आबा रोज सकाळी येऊन आपल्या जागेवर बसत, पाठ मशीनकडे करून. मात्र मी एखादा नट चुकीचा आवळला की पाठमोरेच खाकरायचे. त्यांना ते कसं कळायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

मशीनला लागायचं इंजिन, ते होतं रामभाऊंकडे. रामभाऊ हौशी माणूस. त्यांनी आपण होऊन भिंतीला भोक पाडू दिलं, गिरणीच्या दांड्यावर एक चाक चढवलं आणि भोकातून पट्टा आमच्या परड्यात आणला. अट एकच, गिरणी चालू असेल तेव्हाच मशीन चालेल, कारण नुसत्या लाकडासाठी ते इंजिनाला तेल पाजणार नव्हते. पहिल्यांदा पट्टा चढवला, मशीन घुमलं, मला अंगावर काटा आला. फळी तोंडाशी नेली. मशीनने ती बाहेर ढकलली. मी पुन्हा नेली, त्याने पुन्हा ढकलली. तापातलं पोर काढ्याची वाटी ढकलतं तसं चाललं होतं. मी जोर लावला तर करपट वास येऊन फळी काळी पडली. आबांची पाठ हलत होती, ते हसत होते हे नक्की. शेवटी रामभाऊंनीच कपाळाला हात लावला. त्यांच्या जात्याचा पट्टा तिढा घालून बसवलेला असे, जन्मभर तेच केलेलं, त्या सवयीने त्यांनी आमच्याही पट्ट्याला तिढा घातला होता आणि मशीन उलटं फिरत होतं. तिढा काढला आणि ते सुलट झालं. पण तेवढ्यात गिरणीतलं दळण संपलं आणि इंजिन थांबलं.

आता आत्ती मध्ये पडली. पूजा केल्याशिवाय हत्यार चालवलं म्हणून ते तोंड फिरवतं, असं तिने जाहीर केलं. पट्ट्याचं तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, पट्ट्याला तरी तिढा कुणी घालायला लावला. धनत्रयोदशीचा मुहूर्त ठरला. शिवाय आमच्या घरची एक रीत होती. नवं हत्यार आलं की त्याच्या हातून पहिलं काम चुलीपुढचं व्हायचं. करवत आली तर आधी मिसळणाचा डबा, लाकूड कोरायचा वाकस आला तर आधी काटवट, आणि नवा रंधा आला की पोळपाट. गिऱ्हाइकाचं काम त्यानंतर. आमच्याकडे रोजची भाकरी काटवटीत थापायची आणि पोळपाट सणालाच निघायचा. जुन्या पोळपाटाला मधोमध चीर गेलेली, त्यामुळे आत्तीची करंजी नेहमी चिरेवर फाटायची आणि ती आईला बोलायची. त्यामुळे या पोळपाटाकडे दोघींचे डोळे लागले होते.

धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळपासून गिरणीपुढे बायकांची रांग. चकलीची भाजणी, बेसन, अनारशाचे तांदूळ, डबे आणि टोपल्या आमच्या परड्याच्या बुटक्या भिंतीपर्यंत आलेल्या. आमच्या घरात शेंगतेल तापल्याचा आणि गुळाच्या शंकरपाळ्यांचा वास भरलेला, कारण रेशनची साखर चहालाच पुरत नव्हती. आत्तीने मशीनला हळद-कुंकू लावलं, तेही हात राखून नाही, मशीनच्या गुळगुळीत लोखंडी पाटाला पुरतं माखलं. नारळ ती त्याच पाटावर फोडणार होती. मी पाया पडून तो खालच्या दगडावर फोडायला लावला, तरी पाणी तिने वरून शिंपडलंच. मग आबांनी सागाचा चांगला चौकोनी तुकडा आणून माझ्या हातात दिला. पोळपाटाच्या मापाने कापलेला, दोन वितींचाही नसेल. त्यांच्या वडिलांनी असाच कापला होता, त्यांनीही असाच कापला होता. हाताने रंधायचं असेल तर तेच शहाणपणाचं, कारण उगाच लांब फळी रंधून दमायचं कशाला.

आता ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याला दोन रूळ असतात, पुढचा लाकूड आत ढकलतो, मागचा बाहेर ओढतो, आणि मध्ये गरगरणारी पाती. लाकूड लांब असलं की पुढच्याने सोडायच्या आत मागचा धरतो. आखूड तुकडा पुढच्याच्या हातून सुटतो, मागच्याला सापडत नाही, आणि पात्यांच्या तावडीत एकटा राहतो. पंजाबी मिस्त्रीला हे ठाऊक असणार. पेट्यांच्या फळ्या लांबच असत, त्यामुळे माझ्यावर हा प्रसंग आला नव्हता. मी तुकडा आत सरकवला आणि सवयीने धावत मागच्या बाजूला जाऊन हात पसरून उभा राहिलो. तुकडा येईना. आतून दाढ कडकडावी तसा आवाज आला, आणि तो तुकडा आला तसा माघारी फिरला. पुढच्या बाजूला आबा उभे होते. त्यांच्या डोक्यावरचा पटका उडाला. तुकडा पटक्यावरून, भिंतीवरून गेला आणि दिसेनासा झाला. मग पलीकडून बायकांचा एकदम गलका ऐकू आला.

मी आबांकडे धावलो. त्यांना खरचटलंही नव्हतं, पण चेहरा पांढरा पडला होता. अर्धी वीत खाली आला असता तर, एवढाच विचार डोक्यात होता, आणि आज हे लिहितानाही तो विचार आला की मी पेन खाली ठेवतो. तेवढ्यात परड्याच्या दारात एक बाई उभी राहिली. डोक्यापासून पदरापर्यंत बेसनाने पिवळी झालेली, फक्त डोळे तेवढे दिसत होते. तुकडा तिच्या नुकत्याच दळलेल्या डब्यात जाऊन पडला होता. तिने तो पुढे धरला आणि विचारलं, हा पाट कुणाचा. आत्तीने तो उलटून-पालटून पाहिला आणि म्हणाली, निदान पीठ तरी लागलं.

आबा हसले नाहीत. पटका उचलून त्यांनी तो झटकला, नीट बांधला आणि म्हणाले, "पाडव्याची वाट बगाय नको. उद्याच खोकं बांध." मग जाऊन आपल्या जागेवर बसले, पाठ फिरवून. खाकरलेही नाहीत. मी पाना घेऊन मशीनपाशी गेलो, पण नट सोडवायला हात चालेना. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. रामभाऊ भिंतीच्या भोकातून डोकावून परत आत गेले.

आत्ती मघाशीच आत गेली होती, तेलात शंकरपाळ्या होत्या ना. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कातणं होतं, शंकरपाळ्या कापायचं ते दातेरी चाक. तिने आधी मशीनकडे पाहिलं, मग तुकड्याकडे, मग आबांच्या पाठीकडे, आणि तिचा पारा चढलेला मला स्पष्ट दिसला.

"शिरपा," ती आबांना म्हणाली, "मी काय शंकरपाळी आधी कातून मग एकेक लाटत बसती व्हय? पोळी लाटायची आन मग कातायची. तुमी बापलेक आधी कातता आन मग लाटाय बसता. मग ती उडनार न्हाई तर काय हुईल?"

आबांनी मान वळवली. त्यांच्या बाजूलाच भिंतीला टेकवून सागाची एक लांब फळी उभी होती, फलटणच्या एका गिऱ्हाइकाच्या दारासाठी आणलेली. ते उठले, फळी उचलली, मशीनपाशी आणली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, घाल. पुढे घालायला मी, मागे धरायला कुणीच नव्हतं. तेव्हा आबा स्वतः मागे गेले. फळी आत गेली. कानठळ्या बसल्या, भुसा उडाला, आणि पलीकडून फळी आबांच्या हातात सरकत आली. वरून तुपासारखी गुळगुळीत, खालून हळद-कुंकवाचे पट्टे ओढलेली. आबांनी वरच्या बाजूने तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. मग फळी टोकाशी धरून एका डोळ्याने तिच्या अंगावरून पाहिलं. फळी उलटी करून माझ्याकडे परत दिली, म्हणजे दुसरी बाजू. ती झाल्यावर त्यांनी करवतीने टोकाचा तुकडा कापला, गोल केला आणि पोळपाट आत्तीच्या हातात ठेवला. आत्तीने तो बोटाने तपासला, दारात आईला दिला आणि लगेच आत पोळी लाटायला बसवलं.

इथपर्यंत सगळं बरं होतं. त्यानंतर आबांना आवरणं कठीण गेलं. त्यांनी दाराची दुसरी फळी आणली, तिसरी आणली. मग बैलगाडीच्या साटीच्या, म्हणजे तळाच्या, फळ्या. मग माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असलेलं आंब्याचं लाकूड, ज्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सुचवलं की तुम्ही पुढे या, मी मागे जातो, माझी सवय आहे. ते ऐकेनात. फळी बाहेर यायची ती बाजू त्यांना सोडवेना. प्रत्येक फळी आली की तळवा फिरवायचे आणि स्वतःशी मान डोलवायचे, जणू एखादं नवं वासरू गोठ्यात येतं आहे. इतक्या फळ्या झाल्या, पण त्यांनी एकदाही खांदा धरला नाही. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा माझं मन भरून आलं आणि पुढची फळी मी वाकडी घातली. त्यावर मात्र ते खाकरले.

दुपार कलली तशी गिरणीपुढची रांग संपत आली. रामभाऊ भोकातून ओरडून म्हणाले, दळण संपलं, इंजिन बंद करतो. आबांनी हातातली फळी खाली ठेवली नाही. ते आईला म्हणाले, ज्वारी ने दळायला. आई म्हणाली, कालच दळली. आबा म्हणाले, मग परवा लागणारी ने. आईने एक पायली नेली. ती संपायच्या आत त्यांनी दुसरी पाठवली. मग बाजरी गेली. मग कुळीथ. आत्तीने डाळीचं मडकं पदराखाली घेतलं, नाहीतर तेही गेलं असतं. आई डोक्यावर टोपली घेऊन गिरणीत जायची, पीठ घेऊन यायची, लगेच पुढची टोपली घेऊन जायची, आणि तिची पापणीसुद्धा पांढरी झाली होती. पिठाचे डबे भरले, मग हंडे भरले, मग धुतलेल्या चादरी पसरून त्यांवर पीठ ओतलं. पुढे संक्रांतीपर्यंत आम्ही त्याच पिठाच्या भाकरी खाल्ल्या, आणि कडू लागली तरी कुणी बोललं नाही.

शेवटी लाकूडच संपलं. आबा फडताळाच्या फळ्या काढायला आत गेले, तेव्हा आत्ती फडताळापुढे जाऊन उभी राहिली, त्यामुळे त्या वाचल्या. रामभाऊंनी इंजिन बंद केलं. कानात नुसती शिट्टी वाजत होती, ती माझ्या उजव्या कानात पुढे बरीच वर्षं वाजत राहिली. परडं भुशाने घोट्यापर्यंत भरलं होतं. आबा त्यातून चालत मशीनपाशी आले, धोतराच्या सोग्याने त्यांनी त्याच्यावरचा भुसा पुसला आणि माझ्याकडे वळले.

"पाडवा झाला की सांगलीला जा," ते म्हणाले.

आई पिठाची शेवटची टोपली घेऊन दारात होती, ती तशीच थांबली. एवढं सगळं होऊनही, असं मला म्हणायचं होतं. आबांनी मशीनच्या तोंडाशी हात नेऊन आतल्या रुळांमधलं अंतर वितीने मोजलं.

"शेटला सांग, मशीन पसंत हाय. आन येताना सागाच्या फळ्या घिऊन ये. लांब बगून आन. आखूड ह्याला सोसत न्हाईत."

मी हो म्हणालो. आबा हात धुवायला गेले. आईने टोपली खाली ठेवली, पदर डोळ्यांना लावला आणि कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, डोळ्यात पीठ गेलं. त्या दिवशी घरात इतकं पीठ होतं की तिला खोटं पाडायची सोयच नव्हती.